‘स्थिर’ उत्पादन : एका शब्दाची झडती

मागच्या वर्षी रब्बीच्या तोंडावर खेड तालुक्यातल्या एका शेतकरी मेळाव्यात माझ्या हाती एक घडीपत्रिका पडली. रब्बी ज्वारीच्या वाणांची माहिती होती. वाणाचे नाव, पक्व होण्याचे दिवस, एकरी उतारा, आणि जवळजवळ प्रत्येक वाणापुढे तेच ते विशेषण : ‘अधिक व स्थिर उत्पादन देणारा’. अधिक म्हणजे काय ते कळते. स्थिर म्हणजे काय?

मंचावरून उतरलेल्या एका तरुण कृषी पदवीधराला मी हेच विचारले. मुलगा प्रामाणिक होता. म्हणाला, “काका, वेगवेगळ्या ठिकाणच्या चाचण्यांत त्याचा ‘बी’ एकच्या जवळ येतो आणि रेषेपासून विचलन नगण्य असतं, म्हणून स्थिर.” माझ्या शेजारी एक म्हातारे शेतकरी बसले होते. त्यांनी ‘बी’ हा शब्द ऐकून मान डोलावली. त्यांना वाटले, बियाण्याविषयीच चालले आहे. मी त्यांनाही विचारले, “बाबा, स्थिर वाण म्हणजे कोणता?” ते म्हणाले, “वाईट सालाला दगा देत न्हाई त्यो.”

दोघांचीही उत्तरे आपापल्या जागी बरोबर होती. पण ती एकाच प्रश्नाची उत्तरे नव्हती. पुढे वर्षभर या शब्दामागे लागल्यावर माझ्या ध्यानात आले, की पुष्कळदा ती एकमेकांच्या विरुद्ध असतात. पहिल्याच्या हिशेबाने स्थिर ठरलेला वाण दुसऱ्याच्या हिशेबाने दगाबाज असू शकतो, आणि पत्रिकेत मात्र दोघांसाठी एकच शब्द छापलेला असतो. या लेखात मला त्या शब्दाची झडती घ्यायची आहे.

माझा अधिकार काय, हे आधीच सांगून टाकतो. मी शेतीशास्त्राचा पदवीधर नाही. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात तपासणी विभागात माझी सव्वीस वर्षे गेली. घरची शेती चाकणच्या पूर्वेला. थोडी कारखानदारीत गेली, थोडी भाऊ करतो. संख्याशास्त्र शिकलो ते कारखान्यातल्या नियंत्रण-आलेखांवर, आणि मग अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत मिळालेल्या पानसे-सुखात्मे यांच्या ‘स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर ॲग्रिकल्चरल वर्कर्स’ या ग्रंथावर. हा ग्रंथ भारतीय कृषी संशोधन परिषदेने 1954 साली काढला. दोघे लेखक मराठी, आणि शेतीच्या आकडेमोडीत देशभर त्यांचा शब्द चालत असे. अशी माणसे असूनही या विषयावर मराठीत सामान्य वाचकासाठी फारसे काही लिहिले गेले नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

या शब्दाचा शास्त्रीय जन्म मात्र ज्वारीच्या रानात झाला नाही. तो झाला जवाच्या रानात. जव, म्हणजेच सातू, आता आपल्याकडे पिकापेक्षा पूजेत आणि पिठाच्या नावातच जास्त उरला आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मात्र तो महत्त्वाचे पीक होता. तिथल्या इमर, हेज आणि पॉवर्स या तीन संशोधकांनी 1934 साली एक निबंध प्रसिद्ध केला. जवाच्या दहा जाती, सहा ठिकाणे, 1931 आणि 1932 ही दोन वर्षे. एकरी साडेचौदा बुशेलांपासून पावणेसहासष्ट बुशेलांपर्यंत पसरलेले एकशेवीस आकडे. शेतीच्या संख्याशास्त्रात इतके वापरले गेलेले आकडे थोडेच असतील. रोनाल्ड फिशर यांनी 1935 च्या आपल्या प्रयोगरचनेवरील ग्रंथात यांतल्या पाच जाती उदाहरणासाठी घेतल्या. 1938 साली येट्स आणि कॉक्रन यांनी त्याच आकड्यांवर पुढचा प्रश्न विचारला. एखादी जात सगळीकडे सारख्याच फरकाने पुढे असते, की चांगल्या ठिकाणी जास्त पुढे जाते? ट्रेबी नावाची जात बाकीच्यांपेक्षा वेगळी वागते, हे त्यांनी दाखवले. प्रत्येक ठिकाणची सगळ्या जातींची सरासरी आडव्या अक्षावर मांडायची, एका जातीचा उतारा उभ्या अक्षावर, आणि त्यातून रेषा काढायची, ही युक्ती तिथली.

पंचवीस वर्षांनी ऑस्ट्रेलियात फिनले आणि विल्किन्सन यांनी या युक्तीची पद्धत बनवली. त्यांचा 1963 चा निबंधही जवावरच आहे. जगभरातून जमवलेल्या 277 जाती, दक्षिण ऑस्ट्रेलियातली तीन ठिकाणे, अनेक हंगाम. त्यांच्या रेषेचा चढ, म्हणजे समाश्रयण गुणांक, म्हणजेच त्या मुलाचा ‘बी’. चढ एक असेल तर जात सरासरीबरोबर चालते. एकापेक्षा कमी असेल तर चांगल्या सालात फार फुगत नाही आणि वाईट सालात फार खचत नाही. जास्त असेल तर उलट. 1966 साली एबरहार्ट आणि रसेल या अमेरिकनांनी मक्याच्या संदर्भात तिला आणखी एक अंग जोडले. जातीचे आकडे रेषेपासून किती भरकटतात, तेही मोजायचे. आपल्या कृषी विद्यापीठांतल्या प्रबंधांत आणि नियतकालिकांत आजही ज्या पद्धतीचे कोष्टक मोठ्या संख्येने भेटते, ती ही.

इथे एक गोष्ट थांबून पाहण्यासारखी आहे. या सगळ्या पद्धतीचा गाभा असा, की ठिकाण आणि साल किती चांगले हे पाऊस, माती, खत मोजून ठरवायचे नाही. पिकाच्याच सरासरीने ठरवायचे. निबंधात वाचताना ही कल्पना फार नवी वाटते. पण आपल्याकडे ती महसूल खात्यात शतकभराहून अधिक काळ नांदते आहे. तिचे नाव आणेवारी. सोळा आणे साल, आठ आणे साल, चार आणे साल. पीक पाहायचे आणि त्यावरून साल तोलायचे. पुढे आण्यांचे पैसे झाले, पन्नास पैशांच्या आतले गाव दुष्काळी ठरू लागले, आणि अलीकडे पाऊस, भूजल, उपग्रहावरून दिसणारी पिकांची स्थिती यांची त्यात भर पडली. तरी ‘पैसेवारी किती लागली’ हा प्रश्न गावात अजून विचारला जातो. फिनले-विल्किन्सन यांचा आडवा अक्ष म्हणजे आणेवारीच. हे म्हणण्यात त्यांची थट्टा नाही. उलट त्यामुळे माझ्यासारख्याला ती पद्धत चटकन कळली. आणि आणेवारीवरून गावात भांडणे का होत, हे ज्याला माहीत आहे त्याला या पद्धतीचे दुखणेही चटकन कळेल. साल किती आण्यांचे, हे कोणाचे पीक पाहून ठरवले?

दोन्ही अर्थ आमनेसामने ठेवून पाहू. आकडे मनाने घेतलेले आहेत, हिशेब सोपा व्हावा म्हणून. समजा, अ, ब आणि क या तीन वाणांची चांगल्या, मध्यम आणि वाईट अशा तीन सालांत चाचणी झाली. अ ने एकरी 12, 8 आणि 4 क्विंटल दिले. ब ने 9, 8 आणि 7. क ने साडेदहा, 8 आणि साडेपाच. तिन्हींची सरासरी 8. चाचणीची सरासरी अनुक्रमे साडेदहा, 8 आणि साडेपाच. म्हणजे क अगदी तंतोतंत सरासरीबरोबर चालतो. त्याचा चढ एक, विचलन शून्य. एबरहार्ट-रसेल यांच्या व्याख्येने स्थिर वाण तो हाच. अ चा चढ येतो 1.6, ब चा 0.4. कोष्टकाखाली लिहिले जाईल : क स्थिर, अ अनुकूल परिस्थितीसाठी, ब प्रतिकूल परिस्थितीसाठी. आता त्या म्हाताऱ्या बाबांना विचारा. ‘स्थिर’ क वाईट सालात निम्म्यावर येतो. सात क्विंटल देणारा ब तिकडे बाजूला, वेगळ्या रकान्यात पडलेला. बाबा ब ला स्थिर म्हणतील, आणि मराठी भाषाही त्यांच्याच बाजूने आहे. जे हलत नाही ते स्थिर. चार माणसांबरोबर हेलकावे खाणाऱ्याला आपण स्थिर म्हणत नाही, फार तर मिळूनमिसळून राहणारा म्हणू.

शास्त्रज्ञांना हा फरक ठाऊक नाही असे मुळीच नाही. हाइको बेकर या जर्मन संशोधकाने 1981 साली या दोन कल्पना स्पष्टपणे वेगळ्या केल्या. सगळीकडे सारखे उत्पादन, ही जीवशास्त्रीय स्थिरता; आणि परिस्थितीकडून जेवढी अपेक्षा, तेवढे उत्पादन, ही कृषिशास्त्रीय स्थिरता. दुसरीची बाजूही वाजवी आहे. चांगल्या सालात, चांगल्या रानात, खतपाणी दिल्यावरही न वाढणारा वाण बागायतदाराला काय कामाचा? त्याला प्रतिसाद देणाराच वाण हवा. माझे म्हणणे एवढेच आहे, की निबंधातला हा भेद घडीपत्रिकेपर्यंत येता येता गळून पडतो. येतो तो फक्त शब्द, आणि वाचणारा त्याला आपला अर्थ लावतो.

दुसरे दुखणे त्याहून खोल आहे. त्याच उदाहरणात आता फक्त अ ला काढून त्याच्या जागी ब सारखाच, 9, 8 आणि 7 देणारा ड वाण घाला. ब आणि क यांच्या शेतात एक दाणाही बदललेला नाही. पण चाचणीची सरासरी बदलली : साडेनऊ, 8, साडेसहा. क चा चढ एकवरून 1.67 वर गेला. कालचा ‘स्थिर’ क आज ‘अनुकूल परिस्थितीसाठी’ या रकान्यात. का? तर शेजारी बदलले म्हणून. वाणाचा गुण म्हणून छापलेला आकडा हा प्रत्यक्षात वाण आणि त्याची संगत या दोहोंचा असतो. फिनले-विल्किन्सन यांच्याकडे 277 जाती होत्या. एवढ्या गर्दीत एखादी जात आत-बाहेर गेली तरी सरासरी हलत नाही. आपल्याकडच्या आठ-दहा वाणांच्या चाचणीत तीच पद्धत वापरली की प्रत्येक वाण स्वतःच्याच मोजपट्टीचा आठवा-दहावा हिस्सा असतो. पद्धत त्यांची घेतली, गर्दी घेतली नाही. मी वाचलेल्या अशा निबंधांत या गोष्टीची दखल क्वचितच दिसली.

कारखान्यात असताना मी जो ‘स्थिर’ शब्द वापरत होतो, तो आणखी तिसराच. 1924 साली वॉल्टर शूहार्ट यांनी नियंत्रण-आलेख सुचवला, तेव्हापासून कारखानदारीत प्रक्रिया स्थिर आहे याचा अर्थ एवढाच, की तिचे चढउतार ठरलेल्या मर्यादेत आहेत आणि उद्याचा अंदाज बांधता येतो. माल चांगला आहे असा त्याचा अर्थ नाही. पाळीमागून पाळी नेमाने भंगारच काढणारे यंत्रही या अर्थाने स्थिर असते. नवीन पोरांना हे पटवताना माझा घसा बसत असे. शेतीकडे वळलो तेव्हा याच सवयीने मी पहिल्यांदा सरासरी न पाहता सर्वांत वाईट आकडा पाहू लागलो. वाणांच्या पत्रिकांत तो कुठेच छापलेला नसतो.

मिनेसोटाच्या जवाची गोष्ट अजून संपलेली नाही. त्या सहा ठिकाणांत मॉरिस नावाचे एक ठिकाण होते. बाकी पाचही ठिकाणी 1931 चे पीक 1932 पेक्षा चांगले; मॉरिसला मात्र उलटे. जवळजवळ साठ वर्षे हे आकडे नामवंतांच्या हाताखालून गेले, कोणी थबकले नाही. 1993 साली विल्यम क्लीव्हलंड यांनी आलेख नीट मांडून पाहिल्यावर ते डोळ्यांत भरले, आणि त्यांनी निष्कर्ष काढला, की मॉरिसच्या दोन वर्षांचे आकडे चुकून अदलाबदल झाले असावेत. ही गोष्ट आलेखांच्या महतीचे उदाहरण म्हणून पुस्तकापुस्तकांतून सांगितली गेली. मग 2013 साली केविन राइट यांनी मूळ नोंदी आणखी मागेपुढे तपासून दहा वर्षांचे आकडे समोर ठेवले. अशी उलथापालथ इतर ठिकाणी, इतर वर्षीही झालेली दिसली. म्हणजे मॉरिसचे आकडे चुकलेलेच असे मानण्याचे कारण उरले नाही. एके ठिकाणी हवामान वेगळे वागले, एवढेही पुरेसे होते.

मला यातला उत्तरार्ध जास्त महत्त्वाचा वाटतो. दोन वर्षांच्या आकड्यांत लेखनिकाची चूक आणि आभाळाचा लहरीपणा यांत फरक करता येत नाही. दहा वर्षे पाहिली की करता येतो. आपल्याकडे वाण प्रसारित होण्याआधी साधारण तीन वर्षे बहुस्थानी चाचण्या होतात. तीन वर्षांत चार आण्यांचे एकही साल आले नाही, तर त्या वाणाची वाईट सालची वागणूक कोणी पाहिलेलीच नसते. मग रेषा पुढे वाढवून अंदाज करायचा. आणि रेषा नेमकी टोकालाच फसवते.

आता मालदांडीकडे येतो. मोहोळच्या केंद्रावर 1930 च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवड करून ‘एम 35-1’ हा वाण काढला गेला. आज मंगळवेढ्यापासून नगरच्या काळ्या रानापर्यंत ‘मालदांडी’ म्हणून जी ज्वारी विकली जाते, तिचा मोठा भाग हा किंवा याचे सगेसोयरे. 1964 साली सीएसएच-1 हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला आणि खरिपात त्याने उताऱ्याचे गणितच बदलले. ‘हायब्रीड’ हा शब्द मराठीत शिवीसारखा रुळला तो त्यानंतर. पण त्या हायब्रीडने अनेकांना जगवले, हे शिवी देणारे विसरतात. रब्बीत मात्र संकरित वाणांना ते जमले नाही. रब्बी ज्वारी हत्तीच्या पावसावर पेरायची आणि पुढे जमिनीतल्या ओलीवर काढायची. ओल संपत आली की दाणा भरताना ताण बसतो. खोडमाशी, शेवटी खडखड्या, धाटे लोळणे. या सगळ्यांतून ‘35-1’ तगला आणि दशकानुदशके रब्बीच्या चाचण्यांत तुलनेचा वाण म्हणून उभा राहिला. नवे येतात आणि त्याच्याशी तोलले जातात.

आमच्या वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. त्यांच्याकडे दोन तऱ्हेचे रान होते. ओढ्यालगतची काळी पट्टी, आणि वर मुरमाड माळ, जिथे कुळव हातभरही आत जात नसे. मी नोकरीला लागलो तेव्हा नुकते सरासरी-विचलन शिकलो होतो. एका नव्या वाणाची सरासरी मालदांडीपेक्षा जास्त आहे, असे मी त्यांना कागदावर दाखवले. त्यांनी कागद पाहिला आणि विचारले, “कडबा किती?” कागदावर कडबा नव्हता. “आणि ही सरासरी कुठल्या रानाची? काळीची का माळाची?” कागदावर तेही नव्हते. मग म्हणाले, “अरे, मी सरासरीत पेरत नाही. मी माळावर पेरतो.” मला तेव्हा ते अडाणीपणाचे वाटले होते. तीस वर्षांनी मी जे आक्षेप पद्धतशीरपणे लिहितो आहे, त्यांतले दोन त्यांनी उभ्या उभ्या सांगितले होते.

कडब्याचे तर उघड आहे. ज्या घरात दोन बैल आणि एक म्हैस आहे, त्या घरात ज्वारी हे एक पीक नसून दोन पिके आहेत. धान्याची स्थिरता मोजून कडबा वगळणे म्हणजे अर्धा हिशेब. ज्या सालात कणीस हलके भरते, त्या सालातही धाट उंच असेल तर पेंढ्यांवर घर तरते, कारण त्याच सालात कडब्याचा भाव चढलेला असतो. बुटक्या वाणांना हा आधार नसतो. चाचण्यांत आता कडब्याचीही नोंद होते हे खरे. पण स्थिरतेचे कोष्टक बहुधा धान्याचेच असते.

दुसरा आक्षेप, रान कुठले, हा मला अधिक मोलाचा वाटतो, कारण आणेवारीचे आणि चढाच्या रेषेचे खरे वैगुण्य तो उघडे करतो. दोन सालांची आणेवारी आठ-आठ आणे असेल. एका सालात परतीचा पाऊस आला नाही, दुसऱ्यात पेरणी उशिरा होऊन खोडमाशी पडली. आडव्या अक्षावर ही दोन्ही साले एकाच ठिकाणी बसतात. वाणाला मात्र ती दोन वेगळी संकटे आहेत; पहिल्यात तगणारा दुसऱ्यात कोलमडू शकतो. आमच्या खेड तालुक्यापुरते बोलायचे तर पश्चिमेला भीमाशंकरच्या अंगाला पाऊस इतका, की तिकडे भात पिकतो. पूर्वेला कनेरसर-निमगावकडे पर्जन्यछाया. एकाच तालुक्यात कमी उताऱ्याची कारणे परस्परविरुद्ध : तिकडे पाणी जास्त झाले म्हणून, इकडे नाही म्हणून. सरासरी या दोहोंना एकाच तागडीत घालते आणि कारण विसरून जाते.

या बाबतीत राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने जे केले, त्याचे कौतुक मला करायचे आहे, आणि ते पुरेसे झालेले नाही. त्यांच्या रब्बी ज्वारीच्या शिफारशी जमिनीच्या खोलीप्रमाणे आहेत. हलक्या रानाला फुले अनुराधा, फुले माउली. मध्यमला फुले सुचित्रा. भारीला फुले वसुधा, फुले यशोदा. पाणी असेल तर फुले रेवती. ही यादी शेतकऱ्याला पाठ असते आणि शास्त्रात ती फार साधी समजली जाते. पण तिच्यात एक मोठी कबुली आहे : सगळीकडे चालणारा एकच स्थिर वाण शोधण्याचा नाद सोडला. रेषा एकमेकींना छेदतात ना? मग छेदतात तिथे रान वाटून घ्या. चाचणीतली जी आंतरक्रिया बाकीचे संशोधक त्रास म्हणून बाजूला काढतात, तिचाच इथे उपयोग केला आहे. आणि वाटणीसाठी निवडलेली खूण अशी, की ती पहार मारून कोणालाही तपासता येते. आणेवारी साल संपल्यावर कळते. मुरूम किती हातांवर लागतो, हे पेरणीआधी कळते. दादांचा प्रश्न त्यांच्यापर्यंत कोणी पोचवला नसेल, पण उत्तर त्यालाच आहे.

एवढे लिहिल्यावर मालदांडीचे गोडवे गाणाऱ्या मंडळींना मी आपल्यातला वाटेन. मला तिथे बसायचे नाही. देशी बियाणे म्हणजे स्थिर आणि सरकारी बियाणे म्हणजे बेभरवशाचे, असा एक सूर हल्ली ऐकू येतो. ज्या वाणाची शपथ घेऊन हे बोलले जाते, त्याच्या नावातला आकडा सरकारी केंद्रावरच्या निवडीची खूण आहे, हे बोलणाऱ्याला पुष्कळदा माहीत नसते. शिवाय भंगार काढणाऱ्या यंत्राचे उदाहरण इथेही लागू आहे. दर सालाला नेमाने तीन पोतीच देणारे पीक स्थिर खरे, पण ती दारिद्र्याची स्थिरता. सुखात्मे यांनी 1940 च्या दशकात पीक कापणी प्रयोगांवर काम करताना दाखवून दिले, की कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर उतारा फुगून येतो, कारण कडेची ताटे नकळत आत ओढली जातात. आठवणींचेही तसेच आहे. लक्षात राहिलेला तुकडा लहान असतो आणि त्याच्या कडेला भरपूर कणसे असतात.

आणि हा सगळा शब्दांचा कीस नाही. पीकविम्यात ‘उंबरठा उत्पादन’ नावाची एक गोष्ट आहे. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षे घेऊन त्यांची सरासरी काढली जायची, तिला जोखीमस्तराने गुणून उंबरठा ठरायचा, आणि यंदाचे मंडळाचे उत्पादन त्याखाली गेले तर भरपाई. म्हणजे तिथेही तुमच्या रानाचे साल मंडळाच्या सरासरीने तोलले जाते. मंडळात काळी रानेही असतात आणि माळही. माळावरचे पीक जळाले आणि काळीवरचे तरले, तर सरासरी उंबरठ्यावरच राहते. अशा सालात माळवाल्याच्या हाती वाणाशिवाय दुसरा विमा नसतो. त्याला ‘स्थिर’ शब्दाचा कोणता अर्थ सांगितला गेला, यावर त्याच्या घरचे वर्ष अवलंबून असते.

मेळाव्यातून आणलेली ती पत्रिका माझ्यापाशी आहे. तिच्या समासात मी ज्या मागण्या लिहून ठेवल्या त्या फार नाहीत. चाचणीतला सर्वांत कमी उतारा सरासरीच्या शेजारी छापावा. तो कोणत्या ठिकाणी, कोणत्या सालात आणि कशामुळे आला, हे एका ओळीत लिहावे. चाचणीत तीन वर्षांत दुष्काळी साल आले होते की नाही, ते सांगावे. पेंढ्या लिहाव्यात. आणि ‘स्थिर’ हा शब्द काढून त्याजागी, ज्याला जो अर्थ अभिप्रेत असेल तो वाक्यात लिहावा. चार शब्द जास्त लागतील, कागदाला तेवढी जागा आहे.

यंदा भावाने काळीत मालदांडी आणि माळावर फुले अनुराधा पेरली आहे. मी त्याला दोन्हींच्या मधोमध चार-चार तासांची अदलाबदल करायला सांगितले : काळीत थोडी अनुराधा, माळावर थोडी मालदांडी. तो हसला, पण पाभर वळवली. उतारा वेगवेगळा मोजायचा आणि पेंढ्याही, असे ठरले आहे. वहीत पहिली नोंद पेरणीच्या दिवशीच केली : काळीत पहार दोन हात गेली, माळावर वीतभर.